खंडेनवमीला आलेली चाकं

माझ्याइतकी चाकं फिरवून पाहिलेला दुसरा कोणी असेल तर तो सूर्यनारायण. त्याच्या रथाला म्हणे एकच चाक आहे, आणि ते आउट आहे. नाहीतर सरळ पूर्वेला उगवायचं सोडून सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे असा डुलत कशाला गेला असता? रथ महाडच्या बाजारात आणला असता तर चहा निवायच्या आत सरळ करून दिला असता. पण मोठी माणसं मोठ्या शहरात जातात आणि फसतात.

मी गजानन. वीर स्टेशनावर उतरून ‘सायकलवाले गजाभाऊ’ एवढंच म्हणा, रिक्षावाला तुमची पिशवी हातातून काढून घेईल आणि थेट माझ्या दारात आणून सोडेल. भाडं मात्र घेईल, तेवढी माझी कीर्ती नाही. खाली दुकान, वर घर. दुकानात मी बोलतो, घरात आमची मंडळी, म्हणजे शालिनी, बोलते. त्यामुळे दुकान मी उशिरापर्यंत उघडं ठेवतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, सायकल म्हणजे तो लोखंडी सांगाडा. अहो, सायकल म्हणजे दोन चाकं. बाकीचं सगळं त्या दोघांच्या मध्ये लटकवलेलं सामान आहे, बसणाऱ्यासकट. चाकाच्या मधोमध हब, हबच्या पोटात छर्रे, बाहेरून रिमेचं कडं आणि दोघांना बांधून ठेवणाऱ्या तारा. प्रत्येक तार रिमेला आपल्याकडे ओढत असते. सगळ्यांनी सारखं ओढलं की चाक सरळ. एकीने आळस केला की चाक दारू प्यायल्यासारखं डुलतं. त्याला आम्ही ‘आउट’ म्हणतो, आणि आउट काढण्यात माझा हात रायगड जिल्ह्यात कोणी धरलेला नाही. रत्नागिरी जिल्ह्यात एक जण होता, तो आता भेळेची गाडी चालवतो.

जुनं चाक विकत घेणं ही तर वेगळीच विद्या. नव्या चाकाला भूतकाळ नसतो. जुन्याला असतो, आणि तो लपवण्यावरच विकणाऱ्याचं पोट चालतं. म्हणून मी जुनं चाक आधी फिरवून बघतो, मग पाना मारून तारा वाजवून ऐकतो. चांगली तार ‘टिंग’ म्हणते, खोटी तार ओल्या वाळवणासारखी ‘थप’ म्हणते. मग टायर काढून रिमेचं पोट बघतो, आणि शेवटी हब उघडून वास घेतो.

हो, वास. हसू नका. आमचं गाव पुराचं. बाजारपेठेत पाणी शिरलं की लोक फ्रिज, कपाटं, धान्य वाचवतात. सायकली तशाच राहतात, कारण त्यांना कोणी माणसात धरत नाही. पाण्याखाली बसलेल्या हबच्या पोटात गाळ जातो आणि वरून कितीही ग्रीस थापलं तरी आत दबा धरून बसतो. असा हब उघडून मी नाक लावलं की सांगतो, हे पाणी सावित्रीचं की गांधारीचं. एकदा तर कोणत्या आळीतलं तेही सांगितलं होतं. बरोबर निघालं. त्या हबात हळदीचा वास होता आणि आळीत हळदीची गिरणी होती, हा भाग मी सहसा सांगत नाही.

चाकाच्या भूतकाळाचा एक नमुना सांगतो. पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतला प्रशांत मुंबईत नोकरीला. गणपतीला गावी येताना त्याने दोन काळी चाकं आणली. फोनवर बघून कुणाकडून तरी सेकंडहँड घेतलेली, कार्बनची, वजनाला पापडासारखी. ती सायकलला लावून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला जायचा त्याचा बेत होता.

“काका, हात हळू लावा. इम्पोर्टेड आहेत,” प्रशांत म्हणाला.

“हे स्टिकर कसलं रे?”

“ब्रँडिंग आहे काका.”

“एकाच चाकाला? आणि तेही वाकडं?”

“काका, तुम्हाला नाय कळणार, तो डिझाइनचा सीन असतो.”

मी नखाने स्टिकर उचकटलं. खाली केसासारखी चीर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. घाट उतरताना त्या चाकाने याला दरीत एकट्याने पाठवलं असतं आणि स्वतः सुटं होऊन प्रतापगडाकडे निघून गेलं असतं. प्रशांतचा चेहरा उतरला.

“पण काका, फोटोत चीर नव्हती!”

“फोटोत काय रे, फोटोत माझी बायको पण हसते.”

वरून फरशीवर भांडं आपटल्याचा आवाज आला. तो विषय मी तिथेच सोडला. त्या चाकावर आता प्रशांतच्या आईने कारल्याचा वेल चढवलाय. एवढा महागडा मांडव उभ्या कोकणात दुसरा नाही.

म्हणजे बघा, असा हा माझा दरारा. डोळा गरुडाचा, कान हरणाचा, नाक मुंगीचं. आणि या तिघांच्या देखत मला एकदा सरळसरळ टोपी घातली गेली. तीच गोष्ट सांगायची आहे, कारण तिचा शेवट माझ्या बाजूने आहे. नसता तर मी चाक आणि कारलं यांवरच लेख संपवला असता.

दासगावची सुगंधा माझी जुनी गिऱ्हाईक. धंदा मासळीचा. नाव आणि धंदा यांवरचा विनोद पंचक्रोशीने केव्हाच करून संपवलाय, आणि करणाऱ्या प्रत्येकाला तिने शिळा बांगडा देऊन झालाय. नवरा मुंबईला गोदामात कामाला. ही सकाळी खाडीवर मासळी घेणार, सायकलच्या मागे बर्फाची पेटी बांधणार आणि दासगावाहून महाड, महाडावरून वरंधच्या रस्त्याची गावं करत जाणार. ती पेटी मी एकदा उचलून बघितली होती. त्यानंतर आठवडाभर डॉक्टरांनी मला पान्याऐवजी चमचाच उचलायला सांगितलं होतं. पण हिच्या पायाखाली सायकल अशी पळते की उतारावर एसटीचा ड्रायव्हर बाजू देतो.

नवरात्राच्या आधीच तिच्या मागच्या चाकाची रिम झिजून ब्लेडसारखी झाली होती. पुढच्याचे छर्रे कुरकुरत होते. “चालेल अजून,” मी म्हणालो, तर तिने माझ्याकडे बघितलं.

“गजाभाऊ, ऐका. श्रावण झाला, गणपती झाले, पितर झाले, आता नवरात्र. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी लोकं मासळीवर तुटून पडतील. आणि आता तो मोटरसायकलवाला आलाय भोंगा लावून. त्या दिवशी ज्याची मासळी पयली तव्यावर पडली, वर्सभर त्याचीच. माझा धंदा त्या एका सकाळवर हाय. मला चाकं पायजेत.”

“देतो की. जुनी पण अस्सल. माझी जबान.”

ही जबान दिली आणि मी नंदूशेठची वाट बघायला लागलो.

नंदूशेठ घाटावरचा माणूस. पुण्याकडे जुन्या सायकली, चाकं, सुटे भाग गोळा करून टेम्पोने वरंधा घाट उतरायचा. निम्मा माल महाडात, निम्मा पोलादपुरात. बोलणं असं गोड की त्याच्या शेजारी बसून बिनसाखरेचा चहा पिता यायचा. आणि एक गंमत: वर्षभरात कधी येवो न येवो, खंडेनवमीला हटकून यायचा. पूजेचा प्रसाद घ्यायचा, हात जोडायचा. मला वाटायचं, काय भाविक माणूस आहे.

आता खंडेनवमी आमच्याकडे कशी होते ते सांगायला हवं. त्या दिवशी सकाळी पाने, पक्कड, हातोडी, पंप, सगळी हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडायची. हळदकुंकू, झेंडूची माळ, उदबत्ती, नैवेद्य. एकदा का हत्यारं पूजेला बसली की दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, सोनं वाटून होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. गाडीखाली माणूस अडकला तरी शेजाऱ्याची पक्कड आणायची, आणि शेजाऱ्याचीही पूजेतच असते. बाबांच्या वेळेपासून ही रीत. वर्षभर हत्यारं आपल्यासाठी राबतात, एक दिवस त्यांनी बसून खायचं.

त्या खंडेनवमीला नंदूशेठ आला. टेम्पोतून दोन चाकं काढली, टायरट्यूब चढवलेली, हवा भरलेली, चांदीच्या ताटासारखी लखलखीत. दुकानाच्या पायरीवर सुगंधा बसली होती. नवरात्रात तिला काम नव्हतं, म्हणून ती माझ्यावर लक्ष ठेवायला आली होती.

“गजाननराव,” नंदूशेठ म्हणाला, “एका सोसायटीतल्या साहेबांची आहेत. डॉक्टरांनी सांगितलं सायकल चालवा. साहेबांनी सायकल घेतली आणि डॉक्टर बदलला. चाकं जन्मात रस्त्याला लागली नाहीत. नुसती शोभेला उभी.”

मी चाक फिरवलं. सरळ. नखाने तार वाजवली. टिंग.

“आत उघडून बगा की,” सुगंधा म्हणाली.

मी पाटाकडे बघितलं. पाने माळा घालून बसले होते. “आज पान्याला हात लावायचा नाही गो. उद्या संध्याकाळी.”

“मग शेटला उद्या येऊ दे.”

“उद्या मी पोलादपुरात ताई,” नंदूशेठ कळवळून म्हणाला. “तिथे ही चाकं टेम्पोतून खाली उतरायच्या आत जातात. गजाननरावांवर माझा जीव, म्हणून आधी इथे आलो.”

नाक तरी लावावं म्हणून मी हबजवळ वाकलो. नाकात उदबत्ती, धूप, झेंडू आणि आतून येणारा पुरणाचा वास. सावित्री काय, त्या धुरात मला माझा हात सापडला नसता. मी चाकं घेतली. नंदूशेठने प्रसाद घेतला, पाटापुढे डोकं टेकवलं आणि गेला.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर हत्यारं उचलली. त्या वेळी टायर काढून बघायला हवा होता. पण दारात आपट्याची पानं घेऊन माणसांची रीघ, माझ्या एका हातात पेढा, पायरीवर सुगंधा, आणि मनात हे, की गजाभाऊने एकदा चाक फिरवून पसंत केलं ते केलं. दोन्ही चाकं सायकलला बसवली, नट आवळले. “जा,” म्हटलं, “या चाकांवर काशीला जाऊन ये.”

ती काशीला निघाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वरंधच्या रस्त्याला लागली आणि महाडच्या पुढे पहिल्याच चढावर फोन आला.

“गजाभाऊ, तुमच्या चाकाचा आठ झालाय.”

“काय सांगतेस?”

“तारा रिम फाडून भायेर आल्यात. पेटी रस्त्यात. बर्फ वितळतंय. आणि आत्ताच तो मोटरसायकलवाला भोंगा वाजवत पुढे गेला. ‘ताय, मदत करू का?’ म्हणून इचारून गेला मेला.”

दुकानात मी गोल फिरलो. अठ्ठावीस इंची जाड तारेचं, एवढं ओझं सोसेल असं चाक दुकानात एकही नव्हतं. म्हणजे, होतं. कोपऱ्यात बाबांची सायकल उभी होती.

ही सायकल मी कोणाला शिवू देत नाही. तिची चाकं बाबांनी स्वतःच्या हाताने बांधलेली. बाबा तारा आवळताना डोळे मिटायचे, बोटाने चाचपायचे आणि म्हणायचे, झालं. गेल्या मोठ्या पुरात पाणी दाराशी आलं तेव्हा मी सगळ्यात आधी ती सायकल खांद्यावर टाकून जिना चढलो होतो. शालिनी खालून ओरडत होती, फ्रिज, फ्रिज. फ्रिज बुडाला. त्या दिवसापासून आमच्याकडे थंड पाणी मागितलं की शालिनी म्हणते, “सायकलकडे माग.”

मी पाना हातात घेऊन सायकलीसमोर उभा राहिलो. कितीतरी वेळ उभा असेन, कारण शालिनी जिना उतरून आली आणि म्हणाली, “अहो, तुम्ही तिला जबान दिली होतीत ना? का तीपण शोभेला उभी केलीत?”

पुढचं माझ्या हातांनी केलं. बाबांची दोन्ही चाकं उतरवली, रिक्षात टाकली. शालिनी हातात बर्फाची पिशवी घेऊन आधीच बसली होती. नवा फ्रिज तिने वरच्या मजल्यावर ठेवलाय, त्याचा असा उपयोग झाला.

चढावर सुगंधा पेटीवर बसली होती, छत्री पेटीवर धरून, स्वतः उन्हात. आम्हाला बघून उठली नाही.

“आली का जबान?” म्हणाली.

मी मोडकं चाक उतरवायला बसलो. बाबांचं चाक मागे चढवलं, दुसरं पुढे. त्या चढावर, पाच मिनिटांत. बरं, दहा. शालिनीने पेटीत बर्फ ओतलं. सुगंधा सायकलवर बसली, एकदा पाय मारून पाहिला आणि चाकाकडे बघितलं.

“आवाजच नाय याला.”

“बाबांनी बांधलंय.”

तिने पायडल मारलं. निघाली. ती चढावरून दिसेनाशी होईपर्यंत मी उभा होतो. बाबांची चाकं इतक्या वर्षांनी रस्त्याला लागली होती आणि दारू सोडलेल्या माणसासारखी सरळ चालली होती.

मग मी रस्त्याच्या कडेला बसून ते मोडकं चाक उघडलं. टायर काढला तर रिमेचं पोट गंजून चाळणी झालेलं. प्रत्येक भोकाभोवती पुट्टी भरून वरून चांदीरंग मारलेला. हब उघडला. वर बोटभर नवं ग्रीस, आणि त्याच्याखाली ग्रीस नव्हतं, आमची नदी होती. मी नाक लावलं. सावित्री. खात्रीने सावित्री.

“अहो,” शालिनी म्हणाली, “हे काय?”

तिच्या हातात रिमेच्या आतून निघालेली कापडी पट्टी होती. रिमेच्या आत तारांची टोकं ट्यूबला टोचू नयेत म्हणून पट्टी बसवतात. बाजारात रबराची मिळते. मी मात्र जुन्या सुती साडीचे काठ वापरतो. रबर कुजतं, काठ कुजत नाही. ही रीत सबंध कोकणात माझी एकट्याची. चिखलाने पट्टी काळी झाली होती, पण शालिनीने ती पदराला पुसली तर आतून जांभळा रंग आणि बारीक रुईफूल निघालं.

“माझी साडी,” ती म्हणाली.

ते चाक मीच कधीतरी बांधलेलं. पुरात दुकानात बुडालेलं. पूर ओसरल्यावर भंगाराच्या ढिगात मीच फेकलेलं. भंगारवाल्याने ते घाट चढवलं, घाटावर कुणी तोंडाला रंग फासला, आणि नंदूशेठने नवरीसारखं सजवून ते माझ्याच दारात माहेरी आणून सोडलं.

शालिनी पट्टीची घडी घालत म्हणाली, “साडी पुण्याला जाऊन आली. मला अजून कोणी नेलं नाय.”

दुपारी सुगंधा दुकानासमोरून परत गेली. पेटी रिकामी होती, हे सांगावं लागलं नाही. रिकाम्या पेटीचा दणका मला कळतो. मोटरसायकलवाला तिच्या आधी गावांत पोचला होता, भोंगाही वाजवला होता. पण हिच्या गिऱ्हाईक बायका दारातच ताट घेऊन बसल्या होत्या. कोणाला कोलंबी सोलून लागते, कोणाला बोंबील काप देऊन, कोणाच्या सासूला काट्याची मासळी चालत नाही, हे भोंग्याला कुठून माहीत? त्या फक्त ती येते की नाही एवढंच बघत होत्या. आणि ती आली.

नंदूशेठला मी फोन केला नाही. निरोप नाही, शिवी नाही. एक वर्ष मी गप्प राहिलो. शालिनीला विचारा, ती याला चमत्कार म्हणते. बाबांची चाकं सुगंधाकडेच राहिली. मी तिला सांगून ठेवलं होतं, तुला अस्सल जोडी मिळवून देईन तेव्हा ही परत दे. बाबांची सायकल वर्षभर कोपऱ्यात बिनचाकाची, विटांवर उभी होती. तिच्याकडे बघितलं की मला गुडघ्यात कळ यायची.

खंडेनवमी आली. पाटावर हत्यारं बसली, माळा चढल्या. आणि वरंध्याच्या घाटातून नंदूशेठचा टेम्पो उतरला.

“गजाननराव, यंदा माल असा आहे,” नंदूशेठ चाकं उतरवत म्हणाला, “की उघडून बघावासाच वाटणार नाही.”

“कशाला उघडायचा?” मी म्हणालो. “आत आणा. सगळा आणा.”

“सगळा?”

“अहो, मोठ्या गिऱ्हाइकीचं वर्ष आहे.”

नंदूशेठने आनंदाने सगळा टेम्पो रिकामा केला. पोलादपूरचाही माल उतरवला. दुकानात भिंतीला टेकवून चाकांची रांग लागली. मी चहा मागवला. चहा घेऊन शालिनी खाली आली नाही. ती हळदकुंकवाचं ताट घेऊन आली. पहिल्या चाकाला बोट लावलं, दुसऱ्याला लावलं, तिसऱ्याला लावलं. मागून मी झेंडूची माळ घेतली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या चाकांवरून सोडली. उदबत्ती ओवाळली. घंटा वाजवली. घंटा जरा जास्तच वाजवली असेन.

नंदूशेठ कपबशीची वाट बघत बसला होता, तो उठून उभा राहिला. “अहो, हे काय करता?”

“शेठ, चाकावर आपल्या दोघांचं पोट. पान्याची पूजा करायची आणि चाकाची नाही, हे बरं दिसत नाही. हात जोडा.”

त्याने सवयीने हात जोडले, आणि जोडल्यावर त्याला कळलं. पूजेला बसलेलं उद्या संध्याकाळपर्यंत उचलायचं नाही. सोनं वाटून झाल्यावरच उचलायचं. आणि उचलल्यावर पाना मोकळा.

“मला पोलादपूरला जायचंय गजाननराव.”

“जा की. चाकं बसलीत पूजेला, तुम्ही नाही बसलात.”

तो गेला नाही. कसा जाणार? माळ ओढून चाक काढायला हात पुढे केला की शालिनी नुसती बघायची, आणि त्याचा हात कपाळाला जायचा. त्याची भाविकता खरी निघाली, याचं मला त्या दिवशी मनापासून बरं वाटलं. त्या दिवशी तो आमच्याकडेच जेवला, राहिला. पुरणपोळी वाढताना शालिनी म्हणाली, “घ्या हो भाऊजी, लाजू नका. आत काय भरलंय ते उघडून बघून घ्या.”

दसऱ्याला संध्याकाळी बाजारातले चार जुने मिस्त्री सोनं द्यायला आले आणि गेलेच नाहीत. काय होणार ते मी कोणाला बोललो नव्हतो. बहुतेक. सुगंधाही आली, सायकल लावून पायरीवर बसली. नंदूशेठने मला आपट्याची पानं दिली, मी त्याला दिली, गळाभेट घेतली. मग मी पाटाला नमस्कार केला आणि मोठा पाना उचलला.

“हां,” मी म्हणालो. “पहिलं चाक.”

“थांबा,” नंदूशेठ म्हणाला.

तो उठला. रांगेपाशी गेला आणि स्वतःच्या हाताने चाकं बाजूला काढायला लागला. हे नको, हेही नको, हे तर नकोच. एवढा प्रामाणिक व्यापारी मी आयुष्यात पाहिला नाही. बघता बघता भिंत रिकामी झाली. शेवटी एक जोडी उरली.

“ही उघडा,” तो म्हणाला. मग खाली बसून रुमालाने मान पुसली. “गजाननराव, मीही लिलावातच घेतो हो. कुठे बुडाली होती ते मला कोणी सांगत नाही.”

“मला विचारायचं होतंत शेठ. त्यांच्या बुडण्याला मी हजर होतो.”

जुने मिस्त्री असे हसले की पाटावरचा नारळ घरंगळला. मी ती जोडी उघडली. रिमेचं पोट स्वच्छ, छर्रे आरशासारखे. मी हब नाकाशी नेणार, तोच सुगंधाने माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वास घेतला. माझ्या नाकाची महती मी वर सांगितली आहे, पण बर्फात झाकलेली मासळी कोणत्या भरतीची हे सांगणारं ते नाक. तिथे मी गप्प बसतो.

“पाण्याचा वास नाय,” ती म्हणाली. “चांगली हायत.”

“मग दे बाबांची चाकं,” मी म्हणालो. “ही घेऊन जा.”

ती सायकलपाशी गेली आणि तिने सीटवर हात ठेवला.

“गजाभाऊ, ही मी देत नाय.”

“काय?”

“वर्सभर या चाकांनी एकदा कुरकूर केली नाय. चढाला नाय, पावसाला नाय. तुमच्या बाबांनी काय कोपऱ्यात उभी करायला बांधली होती काय? शेट म्हणतात ती शोभेची चाकं ना, ती शोभेच्या सायकलला लावा. चालणारी माझ्याकडे राहू दे.”

मी नंदूशेठकडे बघितलं. मिस्त्र्यांकडे बघितलं. शालिनीकडे बघितलं, ती जिन्यावर उभी राहून हसत होती. फोटोतल्यासारखी नाही, खरीखुरी. मग मी पाना घेतला आणि नंदूशेठची चाकं बाबांच्या सायकलला चढवली. मस्त दिसतात. नुसती शोभेला उभी.

आजही सकाळी दुकान उघडताना रस्त्यावरून सुगंधा जाते. डोळे मिटले तरी मला कळतं, कारण तेवढ्या वेळेपुरता रस्त्यावर आवाजच येत नाही. तिच्या मागून बाजारातली मांजरं जातात, अगदी गांधारीच्या पुलापर्यंत. बाबा हयात होते तेव्हा त्यांच्या मागे एवढी मिरवणूक कधी निघाली नव्हती.